जत्रेच्या पाळण्यापासून नायट्रोपर्यंत: खानदेशातून राइडला निघताना

पुण्याचा माणूस सकाळी उठून इमॅजिका या राइडच्या पार्कला जातो, पाऊस लागला तर परत येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जातो. जळगाव-धुळ्याच्या माणसाला त्याच दिवसासाठी साडेतीनशे ते साडेचारशे किलोमीटर तुडवावे लागतात, रजा टाकावी लागते, सतरा सीटर ठरवावी लागते. दिवस वाया गेला की पुढचा योग वर्षभराने. म्हणून आपल्याकडच्या राइडवेड्यांनी घरूनच जास्त तयारी करून निघायला हवं. गेटच्या आत सात-आठ तासच मिळतात आणि त्यातला निम्मा वेळ रांगेत, पोट बिघडण्यात किंवा ‘पोराला घेत नाहीत म्हणे’ या वादात जाऊ शकतो.

आधी टेप घ्या, मग पार्क ठरवा

बहुतेक मंडळी आधी पार्क ठरवतात आणि कोणाला कुठे बसता येईल ते तिथे जाऊन कळतं. हे उलटं करा. घरातल्या प्रत्येक मुलाला भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभं करा, डोक्यावर वही आडवी धरा आणि इंचटेपने सेंटिमीटरमध्ये उंची लिहून ठेवा. मोठ्या राइडला साधारण १२० ते १४० सें.मी.ची अट असते आणि ती राइडप्रमाणे बदलते. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडसमोर ती दिलेली असते. जाड तळाचे बूट घालून ११८ चे १२० होतील या भरवशावर राहू नका. कर्मचाऱ्याला शंका आली तर तो बूट काढायला लावतो आणि रांगेत तासभर उभं राहिलेलं पोर तिथून रडत परत येतं. उंचीची अट वयासाठी नसते. खांद्यावरून येणारा बार ठरावीक उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. मूल बुटकं असेल तर बार खांद्यावर टेकत नाही, वर फट राहते आणि उलट्या वळणात शरीर त्या फटीत सरकतं. त्यामुळे ‘जाऊ द्या ना भाऊ, दोन सेंटिमीटरने काय होतं’ असं म्हणून हुज्जत घालू नका.

मोठ्यांचंही बघा. पोटाचा घेर जास्त असेल तर बार शेवटच्या खाचेपर्यंत येत नाही आणि सेन्सर गाडी सोडतच नाही. काही राइडच्या रांगेच्या तोंडाशी नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते; असेल तर तिथेच बसून बघा, रांगेच्या शेवटी नाचक्की नको. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, मणक्याचं किंवा मानेचं दुखणं असलेले आणि नुकतंच ऑपरेशन झालेले लोक यांनी कोस्टर (रुळावरून सुसाट पळणारी गाडी), ड्रॉप टॉवर (उंचावरून एकदम खाली सोडणारी राइड) आणि सिम्युलेटर (पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीची राइड) टाळायचे. शेतात वर्षानुवर्षं ओझी उचललेल्या माणसाचा मणका बऱ्याचदा आतून दुखावलेला असतो आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. आप्पांना पहिल्यांदा नेत असाल तर बसलेल्या, संथ राइडपासून सुरुवात करा.

ही यादी हातात आली की पार्क आपोआप ठरतं. आजी-आजोबा आणि १२० च्या खालची दोन-तीन पोरं असतील तर शिर्डी. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, कोपरगावमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आहे आणि साई तीर्थ हे भक्तीच्या विषयावरचं, बसून बघायच्या खेळांचं पार्क. थोरल्यांचं दर्शन, धाकट्यांचं पाणी, दोन्ही एका मुक्कामात होतं. पण कोस्टरच्या ओढीने निघालेल्या कॉलेजच्या पोरांना तिथे पाठवू नका, त्यांची निराशा होईल. नंदुरबार, नवापूर, शहाद्याच्या लोकांना ताप्ती लाइनने सुरत जवळ पडतं. तिथे अमेझिया आहे, पाणी आणि कोरड्या राइड एकत्र. एक दिवसात जाऊन येण्यासारखं.

सगळे १४० च्या वर आणि छाती घट्ट असेल तर खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. ते २०१३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथे नायट्रो हा मोठा कोस्टर आला. दूर जायची तयारी असेल तर मनमाडहून हैदराबादकडे जाणारी अजिंठा एक्सप्रेस पकडून रविर्यालचं वंडरला पार्क. तिथला रीकॉइल हा कोस्टर गाडीला तीन उलट्या वळणांतून पुढे नेतो आणि त्याच रुळावरून, त्याच तीन वळणांतून मागे आणतो. पाठीमागे जाताना पुढचं वळण दिसत नाही, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीपेक्षा अंगावर येते. एस्सेलवर्ल्डचा विचार करत असाल तर गोराईचं ते पार्क २०२२ पासून बंद आहे; जुने व्हिडिओ बघून बोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊ नका.

सराव जत्रेत करा, पण बघून

खानदेशात राइडची शाळा म्हणजे जत्रा. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, चैत्रात धुळ्याच्या एकवीरेची, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची. कोणाला उंचीचा त्रास होतो, कोणाला गोल फिरण्याचा आणि कोणाला काहीच होत नाही, हे तिथे पन्नास-शंभर रुपयांत कळतं. हजारोंची तिकिटं काढण्याआधी ही परीक्षा घ्यावी. आकाशपाळण्यात पोट वर आल्यासारखं वाटून जो खुश होतो तो ड्रॉप टॉवरला चालेल. ब्रेक डान्सवरून उतरून जो पाच मिनिटं खांबाला धरून उभा राहतो, त्याला फिरत्या राइडपासून लांबच ठेवा.

जत्रेतली राइड मात्र दर आठवड्याला सोडवली जाते, ट्रकवर चढते आणि दुसऱ्या गावात पुन्हा जोडली जाते. म्हणून तिथे बसण्याआधी पाच मिनिटं खाली उभं राहून बघायचं. सगळ्यात आधी पाया. आकाशपाळण्याचे दोन्ही खांब लोखंडी चौकटीवर उभे असतात आणि चौकटीखाली लाकडी ठोकळे लावून ती समपातळीत आणलेली असते. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते, नदीपात्रातली वाळू बाजूला सरकते. ठोकळा एका बाजूने जमिनीत घुसलेला दिसला, दोन्ही खांब एका रेषेत दिसले नाहीत, किंवा पाळणा फिरताना चौकट उचकते आहे असं वाटलं, तर तिथून चालते व्हा. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला असेल तर त्या दिवशी पाळणा नकोच.

मग पिना. पाळणा ज्या दांड्यावर लटकतो त्या दांड्याच्या टोकाला एक खिळ्यासारखी पिन असते आणि ती निसटू नये म्हणून तिच्या भोकातून दुसरी बारीक पिन घालून पाय वाकवलेले असतात. त्या बारीक पिनेच्या जागी तार गुंडाळलेली किंवा चिंधी बांधलेली दिसली तर पाळणेवाल्याकडे सुटे भाग नाहीत, एवढं नक्की. पाळण्याच्या पुढच्या दांड्याला कडी आणि साखळी दोन्ही हव्यात. नुसती साखळी म्हणजे पोर खालून सरकू शकतं.

चालवणाऱ्याकडे बघितलं तरी पुष्कळ कळतं. चांगला पाळणेवाला माणसं भरताना समोरासमोरचे पाळणे भरतो. चार माणसं इकडे बसवली की चाक अर्धं फिरवून पलीकडे चार बसवतो. एका बाजूला दहा माणसं आणि दुसरी बाजू रिकामी असं चाक फिरवलं तर जड बाजू खाली येताना ते सुसाट सुटतं आणि वर चढताना अडखळतं, मोटरच्या पट्ट्यावर झटके बसतात आणि पट्टा घसरतो. खाली उभं राहिल्यावर हे झटके डोळ्यांना दिसतात. लिव्हर सोडून तिकिटं फाडायला जाणारा चालक दिसला तरी बसू नका. जनरेटरकडून येणाऱ्या वायरीचे उघडे, टेप न लावलेले जोड ओल्या जमिनीवर पडले असतील तर त्या लोखंडी कठड्याला हात लावायचा नाही.

आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच: वेणी, ओढणी, पदर. जत्रेच्या पाळण्यात फिरता आस आणि बसणाऱ्याचं डोकं यांच्यामध्ये कधीकधी हातभरही अंतर नसतं. केस आसात अडकले तर चाक थांबेपर्यंत काहीच करता येत नाही. केसांचा अंबाडा घाला, वर रुमाल घट्ट बांधा, ओढणी काढून खाली थांबलेल्या माणसाकडे द्या. पदर कमरेला खोचलेला असला तरी सुटतो. पिनअप केल्याशिवाय बसू नये.

ब्रेक डान्स आणि टोराटोरामध्ये कोणी कुठे बसायचं यालाही शास्त्र आहे. फिरताना शरीर बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. बाप आतल्या बाजूला आणि पोर बाहेरच्या बाजूला बसलं तर बापाचं सगळं वजन पोरावर येतं आणि बरगड्या दुखतात. जड माणूस बाहेरच्या कडेला, हलका आत. कोलंबसच्या झुलत्या नावेत टोकाच्या जागा सगळ्यात जोरकस असतात, कारण टोक सर्वांत उंच जातं. पहिल्यांदा बसणाऱ्याला मधल्या बाकावर बसवा.

महिना, वार आणि आदली रात्र

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे आपल्या लोकांना बाहेरच्या उन्हाचं भय वाटत नाही. तिथेच फसगत होते. खोपोलीकडचं ऊन आपल्यापेक्षा कमी असलं तरी हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि रांगेत तासभर उभं राहिल्यावर आपल्या कोरड्या उन्हाला सरावलेला माणूसही गळून जातो. मेमध्येच जायचं असेल तर जिथे पाणी आहे तिथे जा, कोस्टर पार्क पुढे ढकला. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. वीज चमकली की उंच राइड थांबवतात आणि पुन्हा कधी सुरू होतील ते कोणी सांगू शकत नाही. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारीही शाळांच्या सहली येतात. दिवाळीची सुट्टी आणि शनिवार-रविवार तर विसराच. सगळ्यात चांगला काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, मंगळवार ते गुरुवार. परीक्षा जवळ आलेल्या असतात, सहली संपलेल्या असतात, हवा कोरडी असते.

वाराचा फरक किती पडतो त्याचं गणित मांडून बघा. रविवारी मोठ्या राइडमागे पाऊण तास रांग धरली, तर आठ तासांत जेवण आणि चालणं वजा जाता सात-आठ राइड होतात. बुधवारी हीच रांग दहा मिनिटांची असेल तर पंधरा-वीस होतात आणि आवडलेल्या राइडवर दुसऱ्यांदा बसता येतं. रजेचा एक दिवस वाचवायला रविवार निवडणं म्हणजे निम्मं तिकीट सोडून देणं. बुकिंग आधी ऑनलाइन करा, कारण तारखेप्रमाणे दर बदलतात, आणि त्या दिवशी कोणती मोठी राइड दुरुस्तीसाठी बंद आहे का हे फोन करून विचारा. ज्या राइडसाठी साडेचारशे किलोमीटर जाताय तीच बंद असली तर तारीख बदला.

रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट गेटवर पोचायची आपल्याकडे फार हौस. हे करू नका. झोप न झालेल्या माणसाचा कानातला तोल आधीच बिघडलेला असतो, त्याला दुसऱ्या राइडवरच मळमळतं, आणि परतीच्या रात्री त्यालाच कसारा घाट चढायचा असतो. जळगावहून नाशिकमार्गे मधल्या थांब्यांसह नऊ-दहा तास धरा, आदल्या संध्याकाळी पनवेल, खोपोली किंवा लोणावळ्याला पोचा आणि झोपा. रेल्वेने जायचं तर भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून कर्जतमार्गे खोपोली लोकल, पुढे रिक्षा. रेल्वेत निदान पाठ टेकता येते.

पोट

आदल्या रात्री ढाब्यावर शेवभाजी नको. तर्री, तेल आणि तिखट हे सगळं दुसऱ्या दिवशी कोस्टरच्या पहिल्या लूपमध्ये, म्हणजे उभ्या गोल वळणात, घशाशी येतं. वरण-भात किंवा खिचडी खा. बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सकाळी गाडीतच संपवा, गेट उघडण्याच्या दीड तास आधी. रिकाम्या पोटी जाणंही चूक. आम्ल नुसतंच हिंदकळत राहतं. दोन दशम्या, एक केळं, बस. केळी आपल्याकडची असतातच, डझनभर गाडीत ठेवा, परतीला उपयोगी पडतात. दिवसभर पाणी घोट-घोट प्यायचं, सोडा आणि कोल्ड्रिंक मोठ्या राइडच्या आधी नाही.

ज्याला गाडी लागते त्याने डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि राइडच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी पेंग येते, म्हणून परतीला गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. आलेपाकाची वडी चघळलेली बरी.

लोकांना वाटतं कोस्टरने मळमळतं. प्रत्यक्षात पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्चीच्या राइड जास्त त्रास देतात. डोळ्यांना दिसतं की आपण दरीत झेपावतोय आणि कानाला कळतं की आपण जागेवरच आहोत. दोघांचं पटलं नाही की पोट उलटतं. अशा वेळी पडद्याच्या कडेला, पलीकडच्या काळ्या भिंतीकडे किंवा पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघा. सलग दोन सिम्युलेटर कधीच करू नका.

गेट उघडल्यावर

गेटवर अर्धा-पाऊण तास आधी उभे राहा, आणि आत शिरताच दिसेल त्या पहिल्या राइडला थांबू नका. सगळी गर्दी तिथेच अडकते. इमॅजिकात सरळ नायट्रोकडे चाला, मग अंधारातला डीप स्पेस, मग डेअर टू ड्रॉप आणि स्क्रीम मशीन. पहिल्या दीड-दोन तासांत ही चार मोठी कामं उरकली की पुढचा दिवस मोकळा. राजासॉरसच्या नावेवर सकाळी बसू नका. शेवटच्या उडीत अंग भिजतं आणि ओल्या जीन्समध्ये दिवसभर मांड्या सोलवटतात. ती दुपारच्या उन्हात ठेवा. (राजासॉरस हा खरोखरीचा डायनोसॉर. त्याची हाडं गुजरातमध्ये सापडली आणि त्याच्या शास्त्रीय नावात नर्मदा आहे, आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोक्यावरून वाहते तीच. पोरांना नावेत बसण्याआधी हे सांगा, मजा दुप्पट होते.)

एक ते अडीच या वेळात सगळं पार्क जेवायला बसतं. तुम्ही बारालाच थोडं खाऊन घ्या, अर्धा तास सलीमगढची भुताटकीची राइड किंवा आय फॉर इंडियाची पडद्यावरची भारत-सफर असं काहीतरी करा आणि लोक जेवत असताना दुसऱ्यांदा कोस्टरला जा. संध्याकाळी मिरवणूक निघते तेव्हाही राइडच्या रांगा ओसरतात. लहान मूल बरोबर असेल तर आईने राइड करून यावं, तोवर बापाने पोर सांभाळावं आणि मग बापाला रांगेशिवाय बसू द्यावं, अशी सोय काही पार्क देतात. गेटवरच्या कर्मचाऱ्याला विचारायला लाजू नका.

कोस्टरवर कसं बसायचं

नायट्रो हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार या कंपनीचा कोस्टर. उंची चाळीस मीटरच्या आसपास, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, पाच उलटी वळणं. त्याच्या गाडीला तळच नाही. फलाटावर तुम्ही बसता तेव्हा पायाखाली जमीन असते, बार लागले की ती खाली जाते आणि पाय लोंबकळतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला इथेच धस्स होतं, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा.

रांगेत असताना चाकं नीट बघा, भीती निम्मी होते. प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच असतात: एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खालून. नळीसारखा रूळ या तिघांच्या मिठीत असतो. गाडी उलटी झाली तरी ती रुळावरून सुटून पडायला जागाच नाही. चढावर कोस्टरचा जो ‘खट-खट-खट’ आवाज येतो तो काहीतरी तुटल्याचा नाही. गाडीखालचा खटका दात्यांवरून एकेक घर पुढे सरकतो आहे. गाडी वर ओढणारी साखळी तुटली तरी तो खटका दात्यात अडकून गाडी मागे येऊ देत नाही.

बसताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढे सरकून बसणं. आधी पार्श्वभाग खुर्चीच्या तळाशी पूर्ण मागे न्या, पाठ आणि डोकं टेकवा आणि मगच बार खाली ओढा. पुढे सरकून बार लावला तर मागे सरकल्यावर छातीपुढे चार बोटं फट राहते आणि वळणात डोकं बाराच्या गादीवर इकडून तिकडे आपटतं. लोक उतरून ‘मान गेली’ म्हणतात ते यामुळे. झुमके, मोठी कर्णफुलं काढा. बार आणि गाल यांच्यामध्ये कान चेपतो. मंगळसूत्र, गोफ, कडं लॉकरमध्ये. चप्पल फलाटावर काढून ठेवा. मोबाइल खिशात नको. वरच्या खिशातून सुटलेला मोबाइल खाली कोणाच्या डोक्यात बसला तर जीव जाईल.

लूपच्या तळाशी अंगावर दाब येतो आणि रक्त पायाकडे उतरतं. डोळ्यांपुढे करडं दिसायला लागतं असं ज्यांना होतं त्यांनी दाब यायच्या आधी पोटऱ्या आणि मांड्या घट्ट आवळून धराव्यात, श्वास अडवून न ठेवता. डोळे मिटू नका. वळण दिसलं तर मान आपोआप त्या बाजूला तयार होते. मिटलेल्या डोळ्यांनी झटका अचानक बसतो.

आता गाडीतल्या बाकांची रांग कोणती? पुढची रांग दृश्यासाठी, मागची रांग अंगासाठी. गाडीचा मध्य माथ्यावरून पलीकडे गेल्याशिवाय ती वेग धरत नाही. त्यामुळे पहिली रांग माथ्यावरून हळूच डोकावते आणि काही क्षण दरीवर लटकून राहते, तोवर शेवटच्या रांगेला पुढची सगळी गाडी खेचू लागलेली असते. ती माथ्यावरून फेकल्यासारखी जाते आणि बसणारा खुर्चीतून उचलला जातो. ‘माय वं!’ ही किंकाळी मागच्या रांगेतूनच जास्त येते. पहिल्यांदा मधली रांग, दुसऱ्यांदा शेवटची, आणि पहिल्या रांगेसाठी वेगळी रांग लावावी लागत असेल तर ती दिवसाच्या शेवटी, गर्दी ओसरल्यावर. दुपारनंतर चाकांचं वंगण तापून पातळ झालेलं असतं आणि तीच गाडी सकाळपेक्षा थोडी जास्त पळते, त्यामुळे संध्याकाळची फेरी चुकवू नका.

गाडी मध्येच थांबली तर घाबरू नका आणि बार ढकलू नका. रूळ टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकच गाडी जाऊ शकते. पुढच्या टप्प्याचा सेन्सर मोकळं असल्याची खूण देत नाही तोवर मागची गाडी ब्रेकवर अडवली जाते. म्हणजे ती बिघडली म्हणून नव्हे, यंत्रणा जागी आहे म्हणून थांबली. चढावर थांबली तर बाजूला पायऱ्या असतात आणि कर्मचारी एकेकाला उतरवतो. ड्रॉप टॉवरबद्दलही लोक विचारतात की वीज गेली तर काय. अशा टॉवरच्या खालच्या भागात सहसा चुंबकाचे ब्रेक असतात. धातूची पट्टी चुंबकांमधून वेगाने गेली की तिच्यात प्रवाह तयार होऊन तीच स्वतःला अडवते. याला बाहेरची वीज लागत नाही.

पाणी

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. सुती कापडाचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, कापड पाणी पिऊन जड होतं आणि घसरगुंडीवर चिकटून माणूस मध्येच अडकतो, मग मागून येणारा त्याच्यावर आदळतो. धातूची चेन किंवा बटण असलेली पँट घसरगुंडीचा गुळगुळीत थर ओरखडते. तिथे कपडे भाड्याने मिळतात, पण सतरा जणांचं भाडं हिशेबात धरलं तर जळगावच्या बाजारातून आधीच घेतलेले परवडतात. सलवार-कमीज, साडी नेसून घसरगुंडीवर जाता येत नाही, हे घरातल्या बायकांना निघण्याआधीच सांगा.

उंच घसरगुंडीवर पाठीवर झोपायचं, घोट्यांवर घोटा, हात छातीवर आडवे, हनुवटी छातीकडे. पाय फाकले तर शेवटच्या कुंडात पडताना पाणी जोराने आत शिरून इजा होते, हात बाहेर काढले तर कोपर कडेला घासतं. खालचा माणूस कुंडातून बाहेर पडेपर्यंत वरून सुटायचं नाही. लाटांच्या तळ्यात लाटेआधी भोंगा वाजतो; लहान मुलांना त्याआधीच गुडघाभर पाण्यात आणा आणि ज्याला पोहता येत नाही त्याने छातीच्या वर पाणी येईल इतकं पुढे जायचं नाही. विहिरीत शिकलेली पोरं इथे बेफिकीर होतात. विहिरीत वर यायला जागा मोकळी असते. इथे डोक्यावर टायर आणि माणसं असतात, वर येताना श्वास घ्यायला फट सापडत नाही.

कोरडे कपडे, टॉवेल आणि एक जोडी चप्पल प्लास्टिकच्या पिशवीत लॉकरबाहेर, सहज हाताशी ठेवा. बंद व्हायच्या वेळी कपडे बदलायच्या खोल्यांपुढे सगळ्यात मोठी रांग लागते. पंधरा मिनिटं आधी बाहेर पडा. चालक दिवसभर राइडवर बसलेला असेल तर निघण्याआधी त्याला गाडीत तासभर झोपू द्या. उरलेली केळी तेवढ्यात संपतात.